मराठी कानाचे मोजमाप कोण करणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली आणि एका दीर्घकाळच्या मागणीची पूर्तता झाल्याचे समाधान महाराष्ट्रात व्यक्त झाले. ते समाधान रास्तच होते. त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत, २०२५ च्या एप्रिल ते जून या काळात, पहिलीपासून तिसरी भाषा शिकवावी की नाही या प्रश्नावरून राज्यात वादळ उठले. दोन शासननिर्णय निघाले आणि २९ जून रोजी ते मागे घेण्याची घोषणा झाली. सहा वर्षांच्या मुलाच्या बुद्धीवर किती भाषांचा भार टाकावा, याविषयी त्या तीन महिन्यांत राजकीय नेत्यांपासून साहित्यिकांपर्यंत सर्वांनी ठाम मते मांडली. या सगळ्या गदारोळात मराठी मूल कोणत्या वयात कोणते ध्वनी आत्मसात करते, किती शब्दांचा साठा घेऊन ते शाळेच्या दारात उभे राहते, दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या मुलाची वाक्यरचना केव्हा स्थिर होते, याविषयी मोजमाप करून सिद्ध केलेली माहिती मात्र क्वचितच कोणी पुढे ठेवली. ती पुढे येण्यासाठी आधी गोळा झालेली असावी लागते. ती गोळा करण्याचे काम ज्या शास्त्राचे आहे, त्या वाक्, भाषा व श्रवण यांच्या शास्त्राकडे वळणाऱ्या तरुण संशोधकांच्या पोटापाण्याची काय व्यवस्था आहे, हा प्रश्न भाषेच्या राजकारणात कोणाला सुचण्यासारखा नव्हता. तो विचारण्याची वेळ मात्र केव्हाच आलेली आहे.

हा विषय मूठभर तज्ज्ञांच्या जिव्हाळ्याचा आहे असे समजणे चूक ठरेल. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाख ७१ हजार, तर वाचादोष असलेल्यांची सुमारे २० लाख नोंदली गेली. जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहून प्रश्न विचारतो, तो कान तपासत नाही. त्यामुळे म्हातारपणी ऐकू येईनासे झालेले आजोबा, अर्धांगाच्या झटक्यानंतर शब्द हरवून बसलेला गृहस्थ किंवा वर्गात तोंड न उघडणारा तोतरा मुलगा या आकड्यात असतीलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी पुनर्वसनाची गरज असल्याचे म्हटले आहे, आणि २०५० पर्यंत कमी-अधिक प्रमाणात श्रवणदोष असणाऱ्यांची संख्या अडीचशे कोटींच्या घरात जाईल असा अंदाज दिला आहे. या ओझ्यातील भारताचा वाटा मोठा असणार, हे सांगायला ज्योतिषाची जरुरी नाही.

भारतात या शास्त्राची मुहूर्तमेढ तशी उशिरा रोवली गेली नाही. बधिरांसाठीची देशातील पहिली शाळा मुंबईत १८८५ साली निघाली. १९६५ मध्ये म्हैसूर येथे केंद्र सरकारने वाक् व श्रवणविषयक अखिल भारतीय संस्थेचा पाया घातला आणि पुढील वर्षी तिला स्वायत्तता मिळाली. मुंबईत नायर रुग्णालयातील शिक्षणक्रमाचा उगमही साठच्याच दशकातला. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना १९७६ मध्ये निधन पावलेल्या अली यावर जंग यांच्या नावाने वांद्रे येथील राष्ट्रीय संस्था ९ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झाली. म्हणजे व्यवसाय आहे, पदव्या आहेत, १९९२ च्या कायद्याने निर्माण झालेली भारतीय पुनर्वसन परिषद त्यांची नोंदही ठेवते. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष सेवेत जाते. या अभ्यासक्रमातून बाहेर पडणारी मुले-मुली रुग्णालयांत, विशेष शाळांत आणि श्रवणयंत्रांच्या दुकानांत चटकन सामावली जातात. उपचार करणारी माणसे तयार होत आहेत. पण उपचार ज्या ज्ञानाच्या आधारावर करायचे ते ज्ञान बहुतांशी उसनवारीचे आहे.

उसनवारी म्हणजे काय, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट व्हावे. चार वर्षांचे मूल 'पाणी' या शब्दाचा उच्चार 'पानी' असा करते. वाचोपचारतज्ज्ञाने याला दोष समजायचे की नाही? पुण्यातील ज्या घरात सारेजण 'ण' चा स्पष्ट उच्चार करतात तेथे कदाचित ही विकासातील पायरी असेल. पण महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागात आईवडीलही 'पानी'च म्हणतात, तेथे तो दोष नव्हेच. वऱ्हाडातील मूल 'डोळा' ला 'डोया' म्हणते, 'काळा' ला 'काया' म्हणते, आणि त्याच्या आजूबाजूची सारी माणसेही तसेच बोलतात. 'चमचा' मधील 'च' आणि 'चहा' मधील 'च' यांतला फरक लिपीत दिसत नाही, कानाला मात्र कळतो. तो फरक मराठी मूल नेमके केव्हा करू लागते? खानदेशात अहिराणी, कोकणात मालवणी, मेळघाटात तर मराठीच्या कुळाशी संबंध नसलेली कोरकू बोलणारी मुले एकाच शिक्षणव्यवस्थेत येतात. या मुलांपैकी कोणाला उपचाराची गरज आहे आणि कोण केवळ आपल्या घरची बोली बोलत आहे, हे ठरवण्यासाठी प्रत्येक वयोगटातील, प्रत्येक बोलीतील शेकडो निरोगी मुलांचे बोलणे आधी ध्वनिमुद्रित करावे लागते, त्याचे पृथक्करण करावे लागते आणि त्यातून प्रमाणके बसवावी लागतात. इंग्रजीसाठी हे काम अनेक पिढ्या खपून झाले आहे. मराठीसाठी ते तुटक तुटक झाले आहे. ज्याची प्रमाणके नाहीत त्या मुलाला एकतर विनाकारण रोगी ठरवले जाते, किंवा खरोखर दोष असूनही "बोलेल उशिरा, याचे वडीलही उशिराच बोलले" असे सांगून घरी पाठवले जाते. दुसरी चूक अधिक महाग पडते, कारण भाषा शिकण्याची जी वर्षे हातातून निघून जातात ती परत येत नाहीत.

श्रवणाच्या बाबतीतही हेच आहे. यंत्रातून निघणाऱ्या शुद्ध स्वरांनी कानाची क्षमता डेसिबलमध्ये मोजता येते आणि तिला भाषेची अडचण नसते. परंतु माणूस स्वर ऐकण्यासाठी कान वापरत नाही, शब्द ऐकण्यासाठी वापरतो. म्हणून श्रवणतज्ज्ञ रुग्णाला शब्दांची एक सूची ऐकवून त्यांपैकी किती शब्द बरोबर ओळखले जातात हे पाहतो. या सूचीतील शब्द नित्य परिचयाचे असावे लागतात आणि त्यांतील ध्वनींचे प्रमाण त्या भाषेतील बोलण्याच्या प्रमाणाशी जुळावे लागते. इंग्रजी सूचीचे भाषांतर करून हे साधत नाही. शिवाय पन्नास वर्षांपूर्वी घरोघरी बोलला जाणारा शब्द आजच्या दहा वर्षांच्या मुलाने ऐकलेलाही नसतो. 'जाते' किंवा 'मोट' न ओळखणाऱ्या मुलाचा कान बिघडलेला नसून त्याचा काळ बदललेला असतो. म्हणजे सूची एकदा करून भागत नाही, ती पुन्हापुन्हा तपासावी लागते.

या गोष्टी केवळ शास्त्रीय शुद्धतेच्या असत्या तर वृत्तपत्राने त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण आता त्यांच्यावर कायद्याने दिलेले हक्क अवलंबून आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, त्यांत श्रवणदोष होता. वाचा व भाषा यांचे स्वतंत्र नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही यादी एकवीसपर्यंत नेली आणि वाचा व भाषा दिव्यांगत्व तीत प्रथमच आले. स्वरयंत्र काढून टाकावे लागलेला कर्करोगी आणि वाचाघात झालेला माणूस यांना कायद्याने ओळख मिळाली, ही निःसंशय मोठी गोष्ट झाली. मात्र आरक्षणासारखे महत्त्वाचे लाभ मिळण्यासाठी दिव्यांगत्व किमान चाळीस टक्के असावे लागते, आणि हे टक्के काढण्यासाठी मोजपट्टी लागते. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत भाषिक दिव्यांगत्वासाठी कॅनडात तयार झालेल्या वेस्टर्न अफेजिया बॅटरी या चाचणीच्या भारतीय भाषांतील रूपांतरांचा आधार घेतला आहे. रूपांतर जितके काटेकोर, तितका न्याय काटेकोर. सोलापूरचा यंत्रमाग कामगार, ज्याचे घरी तेलुगू, कारखान्यात मराठी आणि बाजारात हिंदी असे तीन भाषांत आयुष्य गेले, त्याला अर्धांगानंतर कोणत्या भाषेतील चाचणी लावायची? एका भाषेतील गुण अडतीस टक्क्यांचे दिव्यांगत्व दाखवतील आणि दुसरीतील बेचाळीस टक्क्यांचे, अशी शक्यता नाकारता येणार नाही. त्या चार टक्क्यांच्या अंतरात त्याचे प्रमाणपत्र अडकते. बहुभाषिक समाजातील वाचाघाताचा अभ्यास भारताने जगाला शिकवावा अशी येथील परिस्थिती आहे, कारण असे रुग्ण येथे प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आहेत; प्रत्यक्षात मात्र परदेशातील पुस्तकांची पाने येथे उलटली जातात.

आता पैशाकडे वळू. लहान मुलांच्या बहिरेपणावर कॉक्लिअर इम्प्लांट हा प्रभावी उपाय आहे आणि गरीब कुटुंबांतील बालकांसाठी केंद्र सरकारने त्याची सोय केली, याबद्दल सरकारला श्रेय दिलेच पाहिजे. २०१४ पासून लागू झालेल्या सुधारित एडिप योजनेत एका बालकासाठी सहा लाख रुपयांपर्यंतची मर्यादा ठेवण्यात आली. पण हे यंत्र कानात बसवले म्हणजे मूल बोलू लागते, अशी जी समजूत पसरली आहे ती खोटी आहे. यंत्र ध्वनी पोहोचवते. त्या ध्वनींतून शब्द, शब्दांतून वाक्य आणि वाक्यांतून अर्थ ओळखण्याचे शिक्षण पुढे काही वर्षे चालते. ते शिक्षण आईच्या भाषेत द्यायचे असते. त्यासाठी लागणारी साधने मराठीत कोणी तयार करायची, कोणत्या क्रमाने ध्वनी शिकवायचे, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आणि आठवड्याला एकदाच येऊ शकणाऱ्या आईला काय शिकवावे म्हणजे घरी उपयोग होईल, हे सारे संशोधनाचे विषय आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३७ हजार व वरिष्ठ ४२ हजार रुपये केली आहे. दोन वर्षे कनिष्ठ व तीन वर्षे वरिष्ठ अशा हिशेबाने एका संशोधक विद्यार्थ्याचा पाच वर्षांचा खर्च, घरभाडे वगळता, बरोबर २४ लाख रुपये होतो. म्हणजे चार इम्प्लांटच्या कमाल अनुदानाएवढा. चार यंत्रे कमी बसवून एक संशोधक पोसावा, असे कोणी म्हणत नाही आणि म्हणू नये. पण शेकडो यंत्रांवर खर्च करणाऱ्या व्यवस्थेला, ती यंत्रे मराठी मुलांच्या कानात किती उपयोगी पडली हे पाच वर्षे पाहत बसणाऱ्या एका माणसाचा पगार परवडत नाही, हे मान्य करणे कठीण आहे.

अधिछात्रवृत्त्या देशात नाहीत असे नव्हे. म्हैसूरची संस्था आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना विद्यावेतन देते आणि स्वतःच्या निधीतून प्रकल्पही चालवते. तेथील संशोधनपत्रिका १९७० पासून निघत आहे आणि कन्नडसाठी जे झाले त्याचे बरेचसे श्रेय या सातत्याला आहे. परंतु म्हैसूरबाहेर पाऊल टाकले की विद्यार्थ्याची अवस्था त्रिशंकूसारखी होते. आयोगाच्या नेट परीक्षेच्या विषययादीत भाषाविज्ञान आहे, मानसशास्त्र आहे, शिक्षणशास्त्र आहे. वाक् व श्रवणविज्ञान नावाचा स्वतंत्र विषय नाही. ज्याला अधिछात्रवृत्ती हवी त्याने आपला विषय सोडून शेजारच्या विषयाची परीक्षा द्यावी, असा हा न्याय आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची गोडी लागावी म्हणून १९७९ साली अल्पमुदतीची विद्यार्थिवृत्ती सुरू केली आणि तिचा हेतू स्तुत्य होता. पण ती वैद्यक व दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी योजलेली. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती २०१८ मध्ये आली, दरमहा ७० हजारांपासून सुरू होणारी. तिचा रोख आयआयटीसारख्या संस्थांकडे. नेट न दिलेल्या संशोधकांना केंद्रीय विद्यापीठांत जी आठ हजारांची मदत मिळे, तीही बंद करण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला आणि दिल्लीत विद्यार्थ्यांना आयोगाच्या दारात ठाण मांडावे लागले. राज्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना तर तेवढाही आधार नव्हता. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्या सामाजिक गटांच्या न्याय्य गरजेतून निघाल्या आहेत व त्यांचे महत्त्व वादातीत आहे, पण राज्याला कोणत्या विषयात संशोधक हवेत या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्या निघालेल्या नाहीत.

याचे मूळ कारण शोधू गेल्यास ते कोणाच्या दुष्टाव्यात नाही, खात्यांच्या वाटणीत आहे. म्हैसूरची संस्था आरोग्य मंत्रालयाकडे, वांद्र्याची संस्था सामाजिक न्याय मंत्रालयाच्या दिव्यांगजन विभागाकडे, अभ्यासक्रमावर पुनर्वसन परिषदेचे नियंत्रण, वैद्यकीय संशोधनाचा पैसा आरोग्य संशोधन विभागाकडे आणि अधिछात्रवृत्ती शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. श्रवणतज्ज्ञ हा वैद्य नव्हे म्हणून वैद्यकवाले त्याला घेत नाहीत, तो भाषाशास्त्रज्ञ नव्हे म्हणून मानव्यविद्येत त्याची गणना नाही, आणि समाजकल्याण खात्याच्या लेखी तो सेवक आहे, संशोधक नव्हे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान निर्माण झाले व पाच वर्षांत पन्नास हजार कोटींची भाषा झाली. त्यात विद्याशाखांच्या सीमेवरच्या अशा विषयाला कितपत जागा मिळते, ते दिसेलच.

एखादे शास्त्र शिष्यवृत्त्यांच्या बळावर उभे राहू शकते काय, अशी शंका घेणाऱ्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजाकडे पाहावे. पन्नासच्या दशकाच्या आरंभी आधुनिक भाषाविज्ञान भारतात जवळजवळ अपरिचित होते. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने व रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशाने १९५४ ते १९५९ या काळात तेथे एक भाषाप्रकल्प चालला. वर्ग भरले, परदेशी प्राध्यापक आले, तरुण अभ्यासकांना अधिछात्रवृत्त्या मिळाल्या, काहीजण अमेरिकेत जाऊन आले. पाच-सहा वर्षांच्या या खटाटोपातून जी पिढी घडली तिने पुढे देशभरातील विद्यापीठांत भाषाविज्ञानाचे विभाग चालवले. त्याच सुमारास अशोक केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. मराठीच्या उच्चारांचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्याला आजही त्या काळच्या पायावर उभे राहावे लागते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तो प्रकल्प इमारतींवर उधळला गेला नाही. माणसांवर खर्च झाला. दुर्दैव एवढेच की पैसा परक्याचा होता, आणि तो थांबल्यावर त्या वेगाने पुढे नेण्याची इच्छा येथील शासनाने दाखवली नाही.

शिष्यवृत्तीला विरोध करणाऱ्यांचे आक्षेप मात्र ऐकून घेतले पाहिजेत, कारण ते सर्वस्वी निराधार नाहीत. पहिला आक्षेप असा की, शिकलेली मुले परदेशी जातात. जातात, हे खरे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड येथे या व्यवसायाला मागणी आहे आणि भारतात मिळणारे वेतन तिच्यापुढे टिकत नाही. पण यावर करारनाम्याचा बेडीसारखा उपाय फारसा चालत नाही; दंड भरून जाणारे जातात आणि अडकलेले कुढत राहतात. त्यापेक्षा जे संशोधन येथे झाले ते येथेच राहील, अशी अट शहाणपणाची. ध्वनिमुद्रणे, शब्दसूची, चाचणीचे साहित्य, प्रमाणकांची कोष्टके, हे सारे सार्वजनिक भांडारात जमा केल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये. मग संशोधक उद्या मेलबर्नला गेला तरी त्याचे काम परभणीच्या दवाखान्यात वापरता येईल.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. विद्यार्थ्यांचे संशोधन सुमार असते, असे म्हटले जाते. पदव्युत्तर प्रबंधिकांसाठी एका वर्षात, स्वखर्चाने, हाताशी असलेल्या दोन-तीन शाळांतील तीस-चाळीस मुलांवर केलेली चाचणी ही प्रमाणक होऊ शकत नाही. ती बांधणीत जाऊन ग्रंथालयाच्या कपाटात उभी राहते आणि चार वर्षांनी दुसरा विद्यार्थी तेच काम नव्याने आरंभतो. पण हा दोष विद्यार्थ्यांचा की व्यवस्थेचा? ज्याच्याकडे एस.टी.च्या भाड्याला पैसे नाहीत त्याने नंदुरबार, गडचिरोली आणि सिंधुदुर्ग येथील मुलांचे नमुने कोठून आणावेत? शहरातील मुलांच्या बोलण्यावरून साऱ्या महाराष्ट्राचा निष्कर्ष काढला जातो, त्याचे कारण बौद्धिक आळस नव्हे, रिकामा खिसा आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला तेव्हा त्यामागे सरकारी यंत्रणा उभी होती. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले, तेही सार्वजनिक पैशाच्या आधारानेच शक्य झाले. बोलींचे सर्वेक्षण आणि बालभाषेचे प्रमाणकीकरण ही कामे वेगळी असली तरी एकमेकांना लागून आहेत. भाषाशास्त्रज्ञ व वाचोपचारतज्ज्ञ यांनी एका टेबलाशी बसावे यासाठी एखादी संयुक्त अधिछात्रवृत्ती पुरेशी होईल.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी फारशी मांडत नाही, पण मांडायला हवी. विद्यार्थ्यांच्या संशोधनावर देखरेख लागते, विशेषतः विषय लहान मुले असतात तेव्हा. अमेरिकेत १९४६ साली या क्षेत्रातील संशोधनाला साहाय्य करणारे प्रतिष्ठान ज्यांनी उभारले ते वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते व तोतरेपणाच्या अभ्यासाला त्यांनी आयुष्य वाहिले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९३९ मध्ये मेरी ट्युडर या विद्यार्थिनीने आयोवा राज्यातील एका अनाथालयातील २२ मुलांवर प्रयोग केला. त्यांतील चांगल्या बोलणाऱ्या काही मुलांना "तुझे बोलणे सदोष आहे" असे मुद्दाम सांगितले गेले. मुले बोलायला भिऊ लागली. हे प्रकरण दडून राहिले, २००१ मध्ये उघडकीस आले, विद्यापीठाने क्षमा मागितली आणि २००७ मध्ये सव्वानऊ लाख डॉलरची भरपाई द्यावी लागली. आश्रमशाळांतील मुले संशोधनासाठी सहज उपलब्ध असतात. ती अनाथालयातील मुलेही तशीच सहज उपलब्ध होती.

आणखी एका वर्गाचा विचार या संदर्भात आजवर झालेला नाही. श्रवणदोष ज्यांच्यात आहे ते संशोधनाचा विषय म्हणून सर्वांना हवे असतात, संशोधक म्हणून मात्र कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. बधिर समाजाचे म्हणणे असे की त्यांची खूणभाषा ही बोलण्याची उणीव भरून काढणारी कुबडी नसून स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे, आणि भाषाविज्ञानाने हे म्हणणे मान्य केले आहे. मदन वसिष्ठ आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात भारतातील मोठ्या शहरांतील खुणांचा तौलनिक अभ्यास केला, त्यांत मुंबई होती. वसिष्ठ स्वतः बधिर. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले आणि कोशाचे काम झाले. परंतु मराठी घरात जन्मलेले बधिर मूल खूणभाषा आणि लिखित मराठी यांची सांगड कशी घालते, हा विषय अजून कोणाची तरी वाट पाहत आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी देशभरात वर्षाला दोनशे राष्ट्रीय अधिछात्रवृत्त्या आहेत. त्या सर्व विषयांत आणि सर्व प्रकारच्या दिव्यांगांत वाटल्या जातात. श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्याला व्याख्यानासाठी दुभाषी लागतो. अधिछात्रवृत्तीच्या रकमेत त्याचा खर्च धरलेला नसेल तर ती कागदावरच राहते.

राज्याने काय करावे, हे सांगणे कठीण नाही. दरवर्षी दहा विद्यार्थ्यांना पाच वर्षांची अधिछात्रवृत्ती द्यायची म्हटले तर एका तुकडीचा सारा खर्च, आयोगाच्या दराने, दोन कोटी चाळीस लाख होतो. प्रवासासाठी व उपकरणांसाठी त्यावर थोडी भर घालावी लागेल. विषय मात्र प्रत्येकाच्या मर्जीवर सोडू नयेत. मराठी बालभाषेची प्रमाणके, शब्दश्रवणाच्या सूची, वाचाघाताच्या चाचण्यांचे बोलीनिहाय रूपांतर, इम्प्लांट झालेल्या मुलांचा दीर्घकालीन पाठपुरावा, भिवंडी-इचलकरंजीच्या मागांवर नव्वद डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून अधिक गोंगाटात आठ-आठ तास राबणाऱ्यांच्या कानांची तपासणी, जवळच्या नात्यातील विवाह व जन्मजात बहिरेपणा यांच्या संबंधाचा जनुकीय अभ्यास, अशी कामे आधी ठरवून एकेका विद्यार्थ्याला त्यातील तुकडा द्यावा. एकाचा लातूर, दुसऱ्याचा धुळे, तिसऱ्याचा चंद्रपूर. पद्धत एक, नोंदवही एक. दहा वर्षांनी तुकडे जुळवले म्हणजे महाराष्ट्राच्या बोलण्याचा व ऐकण्याचा नकाशा हाती येईल. निवडसमितीवर म्हैसूर व वांद्रे येथील संस्थांचे, डेक्कन कॉलेजाचे आणि बधिर संघटनांचे प्रतिनिधी असावेत, आणि विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला मिळावे. वर्षभराचे थकलेले पैसे एकदम देण्याची जी चाल पडली आहे तिने गरीब घरचा विद्यार्थी पहिल्या सहा महिन्यांतच नोकरी धरतो.

आता ही तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायची, एवढाच प्रश्न राहतो. वैद्यकीय शिक्षण खाते म्हणेल की हा दिव्यांगांचा विषय आहे. २०२२ च्या डिसेंबरात स्थापन झालेला राज्याचा स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग म्हणेल की संशोधन हे विद्यापीठांचे काम आहे. उच्च शिक्षण खाते आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे बोट दाखवील. मराठी भाषा विभागाकडे अभिजात दर्जानंतर योजनांची जुळवाजुळव सुरू आहे. तीन वर्षांच्या मुलाची मराठी हीदेखील मराठीच असल्यामुळे, पहिले पाऊल त्या विभागाने उचलण्यास कोणत्याही नियमाचा अडसर असेल असे वाटत नाही.